तेलाचं बोट

मंगळवार, संध्याकाळ

जळतेय मी, आणि तेही स्वतःच्या नवऱ्यावर. लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

समीर आज अणुभट्टीवरून सुट्टीला आला. चहा पिताना सासूबाईंना सांगत होता, तिथल्या टाकीत पाणी नसतं, वितळलेलं सोडियम असतं. भट्टी बंद असली तरी उकळत्या पाण्याहून गरम. त्यातून आरपार दिसत नाही, कॅमेरा कामाचा नाही. म्हणून आत आवाज सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून सगळं ठीक आहे का ते तपासायचं.

पण आवाजाने तपासायला त्याला शिकवलं कोणी? मीच, अंबडच्या आमच्या कारखान्यात, वेल्डिंगच्या जोडांवर. यंत्राच्या पडद्यावर उसळलेल्या रेषेची शंका आली की पत्र्यावर तेलाचं बोट दाबायचं. रेषा खाली बसली, तर प्रतिध्वनी बोटाखालूनच येतोय. भट्टीवरच्या नोकरीसाठी निवड दोघांची झाली होती. लेक आर्या लहान, म्हणून मी थांबले. थांबले, की सगळ्यांनी ते गृहीतच धरलं होतं?

"तिथे बोट कुठे लावतोस रे?" मी मुद्दाम विचारलं.

"लावलं तर बोट राहील का?" तो हसला.

माझं बोट तिथे चालत नाही, याचं मला चक्क बरं वाटलं. काय बाई आहे मी.

सासूबाईंना काही नीट कळेना. शेवटी मीच ताट पालथं घातलं, बोट दाबून सगळं समजावलं.

"समीरचं काम किती छान सांगतेस गं," त्या म्हणाल्या.

समीरने कौतुकाने मान डोलावली.