एकाच किल्लीची पेटी

प्रिय भिंगरी,

तुझं पार्सल परवा दुकानात पोचलं. मी सही करतोय तोवर शेजारचा घड्याळवाला मान लांब करून हजर. लेकीनं काय धाडलंय, उघडा की, म्हणाला. वरचा पुठ्ठा कापला, आतले कागद बाजूला केले, आणि पेटीचा कोपरा दिसल्याबरोबर मी सगळं पुन्हा झाकून टाकलं. दुरुस्तीला आलंय म्हणालो. त्याच्या लेकी त्याला दरवर्षी स्वेटर पाठवतात, त्यामुळे पार्सलात दुसरं काही येऊ शकतं हे त्याच्या डोक्यातच शिरत नाही. तोंड वाकडं करून गेला आणि दुपारचा चहा एकटाच प्यायला.

मग तुझी चिठ्ठी वाचली. चिठ्ठी कसली, दोन ओळी. मुंगी शाळेच्या सहलीला गेली आहे, शनिवारी येईल, त्याआधी पेटी उघडून परत पाठवा, तिला कळता कामा नये. बस. खाली नावसुद्धा नाही. एरवी मी चिडलो असतो, पण तुला फोन केला आणि तुझा आवाज ऐकून चिडायचं विसरलो. तुझी पोरगी दोन महिने धड जेवत नाही, मैत्रिणींकडे जात नाही, काय झालं विचारलं की काही नाही म्हणते आणि पेटीतल्या वहीत लिहीत बसते. एवढं तू एका दमात सांगितलंस. गेल्या कित्येक वर्षांत तू माझ्याशी सलग एवढं बोलली नव्हतीस. हवापाणी, माझा गुडघा, तुझी नोकरी, की झाला आपला फोन. आणि गंमत बघ, सगळं ऐकून मी काय बोललो, तर बघतो म्हणालो. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

तेव्हापासून पेटी माझ्यासमोर टेबलावर आहे. उघडणं माझ्या हातचा मळ आहे, हे तुलाही माहीत आहे, म्हणून तर तू कुणा दुसऱ्याकडे गेली नाहीस. कुलूप मीच केलेलं. आतली कुठली पट्टी कुठे बसते ते मला डोळे मिटून सांगता येईल. चहा निवायच्या आत उघडेन, पुन्हा लावेन, ओरखडा दिसणार नाही. हत्यारं दोनदा बाहेर काढली आणि दोनदा परत ठेवली. दुसऱ्यांदा ठेवली तेव्हा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि हा कागद घेतला.

ही पेटी का झाली ते तुला आठवतंच असेल, मला मात्र ते आठवायची लाज वाटते. तू आत्ताच्या मुंगीच्या वयाची होतीस. आपल्याकडे काका-काकू आले होते. काकाला तुझी वही गादीखाली सापडली आणि तो जेवताना सगळ्यांसमोर ती नाटकी आवाजात वाचायला लागला. तुझ्या वर्गातल्या त्या कुरळ्या केसांच्या मुलाबद्दल काहीतरी होतं. काकू हसली, तुझी आई हसली, आणि मीही हसलो. मोठ्यानं हसलो. तू ताटावरून उठलीस तेव्हासुद्धा मला वाटलं, येईल पाच मिनिटांनी. तू नंतर किती तरी दिवस माझ्याकडे बघितलं नाहीस. घरातून माझ्या बाजूनं जाताना भिंतीकडे बघत जायचीस.

मला बोलता येत नाही, हातानं काही करायला सांग. म्हणून पेटी केली. चांगला जाड पत्रा घेतला, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, हाताला लागू नयेत म्हणून. कुलूप तर असं केलं, की तसं मी तिजोरीवाल्या सावकारालाही करून दिलं नसतं. तुला दिली तेव्हा तू पहिला प्रश्न विचारलास, दुसरी किल्ली कुठंय. पक्की माझी पोरगी. मी म्हणालो, नाही, एकच. तू म्हणालीस, साचा असेलच की. मग मी तो साचा तुझ्यासमोर शेगडीत टाकला आणि आपण दोघं तो लाल होऊन वाकेपर्यंत बघत उभे राहिलो. त्या दिवशी तू माझ्याशी पुन्हा बोललीस. मला जग जिंकल्यासारखं झालं, खरं सांगतो.

ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी हे काम शिकलो, त्याचा एकच नियम होता. ज्याचं कुलूप, तो समोर उभा असल्याशिवाय हात लावायचा नाही. बायको नवऱ्याचं कपाट घेऊन आली, परत पाठव. भाऊ भावाची पेटी घेऊन आला, परत पाठव. मी जन्मभर तो नियम पाळला, त्यापायी गिऱ्हाइकं घालवली, शिव्या खाल्ल्या. आणि तोच नियम मी घरात लावला. त्यात काही चुकत असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

मग ते वर्ष आलं. तू दहावी संपवून कॉलेजात गेलीस आणि बंद पडलेल्या दुकानासारखी गप्प झालीस. पोहायला जायचं सोडलंस. केस स्वतःच कापून टाकलेस, आणि काय वेडेवाकडे कापले होतेस. ताटात बोटं फिरवत बसायचीस. तुझ्या आईच्या जिवाला घोर लागला. ती मला म्हणाली, पेटी उघडा. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, पोरगी सुकत चाललीय आणि तुम्हाला तत्त्वं सुचताहेत. मी म्हणालो, शब्द दिलाय. ती म्हणाली, मग पोरीला विचारा तरी, तुमच्याशी बोलेल ती. मी म्हणालो, तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. केवढ्या तोऱ्यात म्हणालो असेन. तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि पुढे अगदी शेवटच्या आजारपणातही एखादी गोष्ट माझ्याकडून राहून गेली की म्हणायची, द्या तुमचं कुलूप लावून. मी हसण्यावारी न्यायचो.

आता जे सांगतो, ते मी आजपर्यंत बढाई म्हणून सांगत आलो. त्याच वर्षी एक दिवस तू कॉलेजातून परस्पर दुकानात आलीस. तू कधी दुकानात यायची नाहीस, तुला त्या घासलेल्या पितळेचा वास आवडायचा नाही. पाठीवर दप्तर, हातात पेटी. म्हणालीस, बाबा, किल्ली फिरत नाही, बघता का. समोर लॉजचा मॅनेजर त्याच्या खोल्यांच्या किल्ल्या करून घेत बसला होता. मी किल्ली घातली, ती सरळ फिरली. लोण्यातून सुरी जावी तशी. मला वाटलं, पोरीनं उलटी घातली असेल. तुझ्या समाधानासाठी तेलाचा थेंब सोडला, झाकण वर उचललं, आणि उचलताना मान पार भिंतीकडे वळवली. म्हणालो, बघ, बाबानं आत बघितलंसुद्धा नाही.

मी पुन्हा इकडे वळलो तेव्हा झाकण तसंच उघडं होतं. तू लावलं नव्हतंस. मीच ते लावलं, किल्ली फिरवली, तुझ्या हातात दिली. मॅनेजर म्हणाला, असा बाप मिळायला नशीब लागतं. माझी छाती फुगली. आणखी काही हवंय का विचारलं तर तू नुसती मान हलवलीस आणि गेलीस. पुढच्या महिन्यात तू आत्याकडे राहायला जायचं म्हणालीस, इथे नको म्हणालीस. मी सामान बांधून दिलं. का नको, ते विचारलं नाही. आणि मान वळवल्याचा हा किस्सा मी त्यानंतर किती गिऱ्हाइकांना ऐकवला असेल, देव जाणे. घड्याळवाल्याला तर तो पाठ आहे.

परवा पेटी टेबलावर घेतली आणि सवयीनं आधी कुलूप तपासलं. किल्ली मुंगीकडे असली तरी बाहेरून पुष्कळ कळतं. तू वापरलंस, आता मुंगी वापरते. कुठे झीज नाही, ओढाताण नाही. हे कुलूप कधीच अडकलेलं नाही. आणि मग मनात आलं, इतक्या वर्षांत जे एकदाही अडकलं नाही, ते नेमकं त्या दुपारी कसं अडकलं. भिंगरे, ते अडकलं नव्हतंच. हे मला त्याच दिवशी हाताला कळलं होतं. माझ्या हाताखालून एवढी कुलपं गेली, बिघडलेलं कुठलं आणि चांगलं कुठलं हे मला कळत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू. तू पेटी माझ्याकडून उघडून घ्यायला आली होतीस. तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून वही घेऊन आली होतीस, झाकण लावलं नव्हतंस, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. वर त्याचं कौतुक करून घेत होतो.

घड्याळवाल्यानं मघाशी शटर वर करून विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, डोळ्यात पितळेचा कीस गेलाय. इतक्या वर्षांच्या शेजाऱ्याला मी तेही खरं सांगू शकलो नाही, बघ.

तर पेटी मी न उघडता परत पाठवतोय. रागावशील, रागाव. तू ती वही वाचलीस तर मुंगीला कळणारच. कुलपावरून नाही कळणार, त्याची हमी मी देतो, पण तुझ्या तोंडावरून कळेल. तुला काही म्हणजे काही लपवता येत नाही. आणि एकदा कळलं की ती पुन्हा काही लिहिणार नाही, आणि बोलणारही नाही. माझं ताटावरचं एक हसणं तुला किती महागात पडलं ते मी बघितलंय. पण म्हणून माझ्यासारखीही वागू नकोस. आपण वही वाचली नाही म्हणजे बाप म्हणून सगळं केलं, असं मी समजलो. न वाचणं आणि न विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कुणी सांगितलं नाही असंही नाही. तुझ्या आईनं सांगितलं होतं.

शनिवारी ती आली की पेटी तिच्या हातात दे आणि खरं ते सांग. म्हणावं, मी ही उघडायला पाठवली होती, आजोबांनी नाही म्हटलं. आदळआपट करेल, करू दे. मग तिच्याजवळ बस. ती काही नाही म्हणाली की स्वयंपाकघरात निघून जाऊ नकोस. दुसऱ्यांदा विचार. आपल्या घरात दुसऱ्यांदा विचारायची पद्धतच नव्हती, एकदा विचारलं की झालं कर्तव्य. तिसऱ्यांदा विचारावं लागलं तर तिसऱ्यांदा. वही ती स्वतः पुढे करेल तर घे, आणि मान वळवू नकोस. नाहीच बोलली तर मला फोन कर, मी गुडघ्याची तक्रार न करता मिळेल त्या गाडीनं येतो आणि तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतो. मला दुसरं काही येत नाही, पण बसता येतं.

पेटी परत पाठवायला दोन ओळींची चिठ्ठी पुरली असती. तुझ्याइतकी छोटी मलाही लिहिता येते. हे सगळं लिहिलं ते मुंगीसाठी नाही. मला तुला काही विचारायचंय, आणि ते फोनवर विचारायला गेलो तर मी पुन्हा हवेबद्दल बोलायला लागेन. तू आता मोठी बाई आहेस, तुझा संसार आहे, हे सगळं तू कधीच मागे टाकलं असशील. किंवा नसशीलही. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, तो तुझा हक्क आहे. पण मग मी पुन्हा विचारेन, आणि तेव्हाही नाही म्हणालीस तर त्यानंतरही. त्या वर्षी काय झालं होतं तुला, बाळा?

तुझाच,
बाबा