खंडेनवमीची बंदूक

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

पूजा केली! हे गेल्यावरची पहिली. यांचा स्टेथोस्कोप, माझी विळी, शिवणाची कात्री आणि मधोमध यांची बंदूक. गंध, अक्षता, झेंडू. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर लगेच नकुलचा फोन — "आई, डिलीट कर! नळी शॉर्ट दिसतेय. इट्स अ फेलनी, सीरियस गुन्हा आहे!"

यांना एका शेतकरी पेशंटनं दिलेली. ओहायोत इतकी वर्षं पुजली, कोणी नळी मोजायला आलं नाही. आता पोटचा पोरगा निघाला!

फोटो डिलीट केला नाही.

४ ऑक्टोबर

नकुल कोलंबसहून आला तो थेट माझी ब्लाउजची टेप घेऊनच बसला. साडेसोळा इंच! अठराच्या आत नळी असली तर सरकारात नोंद हवी म्हणे. यांनी केलेली नाही, आणि मागाहून करता येत नाही. नुसती घरात ठेवली तरी तुरुंग. "पोलिसांना कॉल करून सरेंडर कर."

बापाची वस्तू द्यायची एवढी घाई? म्हटलं, जाईन तुरुंगात, तिथे निदान स्वयंपाक तरी करावा लागणार नाही! हसला नाही. धड जेवलाही नाही. मला रागच आला.

५ ऑक्टोबर

देणार नाही. बस्स.

८ ऑक्टोबर

मंडळातली राधिका वकील आहे, तिला घरी बोलावलं. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. मग म्हणाली, "काकू, बाहेरून नाही मोजत. नळीचा मागचा भाग बंदुकीच्या सांगाड्यात लपलेला असतो." बंदूक मागून बंद करून नळीच्या तोंडातून काठी आत टेकवली, खूण केली, मोजली — साडेअठरा! एकूण लांबीही नियमात. "नोंदबिंद काही नको. बिनधास्त ठेवा."

तिला वाटीभर श्रीखंड वाढलं आणि नकुलला फोन लावला. इंजिनियर झालास आणि साधी नळी मोजता येत नाही? चांगला फैलावर घेतला.

९ ऑक्टोबर

नकुलचा फोन. "आई, ती लीगल आहे हे मला माहीत होतं. मुद्दाम बाहेरून मोजली. बाबा गेल्यावर तू म्हणालीस ना, आता एकटीनं कशाला जगायचं... आय वॉज स्केअर्ड. दुसरं काय सांगून ती घरातून काढणार होतो?"

मी म्हणाले होते खरी.

कायदा माझ्या बाजूनं आहे. तरी म्हटलं, शनिवारी ये आणि घेऊन जा.