आईच्या गोळ्या आणि मँगोस्टीनची बिस्किटं

चांथाबुरी, थायलंड

प्रिय वानदीताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. उद्या लिहीन म्हणत महिना ढकलला, रागावू नकोस. मी मजेत आहे, जेवणही झकास मिळतं.

आम्ही इथल्या बागेतल्या मँगोस्टीन फळांच्या तुरट साली वाळवतो, पूड करून बिस्किटांत घालतो. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, ‘या तुरटपणानं रक्तातली साखर जराशी आवरते, पण मधुमेहाच्या गोळ्या सोडायच्या नाहीत.’ आईला डबा पाठवताना मी पहिलं तेवढंच कळवलं. जन्मात पहिल्यांदा ती म्हणाली, ‘पोरगं कामाचं निघालं!’ मग पुढचं सांगवेना.

परवा फोनवर खिदळत होती, ‘अरे, ड्युरियनचं फळ गरम, तुझं बिस्किट थंड. एकावर एक खाल्लं की फिट्टंफाट! गोळ्या कधीच सोडून दिल्या मी.’ आणि ताई, मी हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

रविवारी तिच्याकडे गेलीस की गोळ्या सुरू करायला लाव. दोष माझा, असंच सांग. तिचे पायही बघ, साखरेनं जखम चिघळलेली नाही ना. मांजरीला पिल्लं झाली का गं?

थांब, फाटकाशी कुणीतरी हाका मारतंय.

ताई, आईच आली आहे! तुला सांगून निघाली का? हातात रिकामा डबा आहे आणि डाव्या पायाला पट्टी. आधी तिला खरं सांगतो, मगच पाकीट चिकटवतो.

तुझा अपराधी,
पोंग