आगबोटीचं कार्ड

जऊळका,
माघ वद्य पंचमी, शके १८५५

चिरंजीव चंपत यास आजीचा आशीर्वाद.

आधी ओळख सांगते, विसरला असशीन. मी गोजराबाई, तुह्या बापाची माय. तुले खांद्यावर घेऊन वांग्याची राखण करत होती, तेच. मुंबईच्या गोदीत माल चढवता चढवता आमालेबी एखाद्या जहाजात चढवून देलं का तू? हे पत्र लिहून देणारे मास्तर म्हणून राह्यले, असं लिहू नये. मी म्हटलं, लिहा.

इकडे सारे खुशाल. मळ्यात मेथी माजली. तुही माय आजकाल मले बाजाराच्या जुड्या बांधू देत नाही. म्हणते, बसा, आराम करा. मी काय पाटलीण आहो?

तुहे चित्राचे कार्ड देवाजोळ मांडले. पहिलं, घड्याळाच्या मनोऱ्याचं, लय साफ होतं. मंदिर समजून मी त्याले कुंकू लावलं. मास्तरनं घड्याळ आहे म्हणून सांगतलं, तरी पुसलं नाही. पण अलीकडं तुही मुंबई धुकट निघून राह्यली. दुकानदार तुले शिळे कार्ड देते वाटते. भांड त्याच्याशी.

या खेपीचं कार्ड मी बाजारात साऱ्या बायकायले दाखवलं. म्हटलं, "पाहा, चंपतची माडी! वरतं धुराडंबी आहे." कस्तुराबाईबी हासली नाही. मी ठेचाळली तरी हप्ताभर हासणारी बाई ते! तिनं माहा हात धरला अन् हळूच म्हटलं, "गोजरा, आगबोट आहे ते."

चंपत, कार्ड साफ आहेत. दिवाळीपासून माह्या डोळ्यावर पडदा आहे. मेथीच्या जुडीत गवत बांधलं मी, म्हणून तुही माय बसवते. तुले कळवू नको, असं मीच तिले बजावलं होतं. दुकानदाराले उगाच शिव्या पडल्या.

मास्तरचा टाक थांबला. लिहा न, मास्तर.

आता इमारतीचे कार्ड धाडू नको. इमारती कुठी पळून जात नाहीत. उन्हात माणूस समोर उभा राह्यला, तं तोंड दिसते मले अजून. होळीले ये. दुपारी ये, अन् आंगणात उभा राह्य.

वाट पाह्यणारी, जमते तवापावतर,
तुही आजी गोजराबाई

ता. क. येताना सुकलेले बोंबील आण. पोस्टानं नको, तूच आण. तुही माय नाक दाबन, दाबू दे. डोळ्यानं दगा देलाच, तं वासानं समजन मले, तू फाटकात आला म्हणून.