चौथ्या फ्लॉपीची पट्टी

मंगळवार, ता. १४

तीर्थस्वरूप काका,

नमस्कार. लांबूनच करतो. समोर येऊन करायला हवा होता, पण तुमच्या जिन्याची सतरावी पायरी ओलांडायचं धाडस दोनदा केलं आणि दोनदा परत फिरलो.

तुमची तब्येत बरी असेल. मी ठीक आहे. झेरॉक्सच्या दुकानात लागलो, हे कळलं असेलच. मालक शांत माणूस आहे. पहिल्याच दिवशी मी एका गिऱ्हाइकाशी भांडलो, तर मला म्हणाला, "तडतड्या, मशीन गरम झालं की आपण बंद ठेवतो. तुलाही एखादं बटण बसवून घे." तुम्ही ठेवलेलं नाव त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. आई अजून विचारते, कॉलेजला परत कधी जाणार. मी पानं जुळवत बसतो.

कॉलेज का सोडलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. प्रकल्पासाठी मी कासवाचं, म्हणजे तुमच्या कंपनीच्या त्या जुन्या कॉम्प्युटरचं, नाव दिलं, तेव्हा सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "जी कंपनी बुडून तीस वर्षं झाली, तिचं भंगार कशाला उकरतोस?" मी तिथल्या तिथे कागद फाडून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. तुम्हाला वाटलं असेल, पोरगा कासवासाठी भांडला. तुम्ही त्या दिवशी मला त्याच्या सुटलेल्या तारेला पहिल्यांदा डाख द्यायला दिलंत, हात धरून. मी खोटं बोललो नाही, पण सगळं खरंही सांगितलं नाही. तुमच्या वरच्या खोलीत मी आलो तो कासवासाठी नव्हे. ग्राफच्या कागदावर, एकेक चौकोन भरून, कासवासाठी नवी अक्षरं काढत कुणीतरी खिडकीपाशी बसायचं, त्यासाठी आलो. कासवावर जीव जडला तो नंतर. पण जडला, काका. तो करड्या रंगाचा फुगीर पत्रा, सुरू होताना येणारा तो घसा साफ केल्यासारखा आवाज. तुम्ही पाच जणांनी मिळून त्याच्यासाठी लिहिलेली ती सगळी प्रणाली इतक्या थोड्या जागेत मावते, हे कळलं तेव्हा मला झोप लागली नव्हती.

हे मी तिच्या बापालाच लिहितोय, हे कळतंय मला. रागवायचं तर या परिच्छेदासाठी रागवू नका. पुढे जास्त मोठं कारण आहे.

परवा तुमची धाकटी, तीच खिडकीपाशी बसणारी, दुकानात आली होती. माझ्याकडे न बघता मालकाला म्हणाली, "याच्या दोन प्रती." मालक चहाला निघाला होता, कागद माझ्या हातात आला. तुमचं अक्षर. मुंगीच्या चालीचं, सरळ रेघेतलं. वर लिहिलं होतं, 'डॉक्टरांसाठी : मी विसरलेल्या गोष्टी.'

"बाबांना हल्ली विसरायला होतं," ती म्हणाली. "स्वतःच यादी करतात. जेवताना सुद्धा वही जवळ."

यादीतली एक ओळ वाचून मी म्हटलं, "चष्मा डोक्यावर ठेवून शोधतो, ते तर सगळेच करतात."

"त्याने नाही घाबरले ते. पहिल्या नंबरने घाबरलेत. ती फ्लॉपी गेल्यापासून वर पाऊलही ठेवलेलं नाही. रविवारी कासव द्यायचं म्हणतात. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

काचेवर कागद उलटा ठेवला, झाकण दाबलं. उजेड एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे गेला. दोन प्रती. पहिल्या ओळीत लिहिलं होतं : 'फ्लॉपी क्र. ४ ला पट्टी लावायची विसरलो. लावली असं अजूनही वाटतं. हे जास्त वाईट.'

तिने कागद घेतले. जाताना म्हणाली, "तू येत का नाहीस रे? तुझं ऐकतील ते." मी म्हटलं, वेळ नसतो.

काका, आता चार महिन्यांपूर्वीच्या त्या दुपारचं सांगतो.

दुसऱ्या दिवशी जुन्या यंत्रांचे तीस हौशी लोक कासव बघायला यायचे होते. सात मूळ फ्लॉप्या, जगात कुठे दुसरी जोडी नाही. सकाळी तीन फ्लॉप्यांच्या नकला झाल्या. चौथी तुम्ही पाकिटातून काढलीत, जिच्यावर कासव सुरू होतं ती. कडेच्या खाचेवर रुपेरी पट्टी लावलीत. ती असली की फ्लॉपी वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलंत. पट्टीवर तारीख घातलीत. तेवढ्यात जेवायची हाक आली, आणि मग तुम्ही वामकुक्षीला खाली थांबलात.

सकाळीच धाकटीशी माझं वाजलं होतं. ती हसत म्हणाली होती, "तू एक तरी गोष्ट पूर्ण केलीयस का रे? कॉलेज अर्धं, डाख अर्धा, चहासुद्धा अर्धा ठेवतोस." एवढंच. पण माझं डोकं फिरलं. मला वाटलं, उद्या सगळ्यांसमोर कासव सुरू होईल तेव्हा पडद्यावर पहिल्यांदा तिचं नाव यायला हवं, तिनेच काढलेल्या अक्षरांत. मग बघू काय म्हणते.

आधी नक्कल करायची, मग नकलेवर हात चालवायचा, हा तुमचा नियम. पण आपल्याकडे चालू ड्राइव्ह एकच. नकलेसाठी मूळ आणि कोरी फ्लॉपी आळीपाळीने तीस वेळा बदलायच्या. मला कुठला दम? मी नखाने पट्टी सोलली आणि थेट मूळ फ्लॉपीवर लिहायला घेतलं. चार अक्षरांचं नाव. अर्ध्यात ड्राइव्ह करकरला आणि पडदा गोठला. जिन्यात तिच्या बांगड्या वाजल्या, ती चहा घेऊन येत होती. मी फ्लॉपी पाकिटात सरकवली. पट्टी अंगठ्याला चिकटली होती. खिशात कॉलेजचं ओळखपत्र होतं, त्याच्या पाठीवर दाबून टाकली.

चारला तुम्ही नक्कल करायला बसलात. पट्टी लावलीच आहे या खात्रीने बघितलंही नाहीत. मध्येच वाचता येईना, तेव्हा फ्लॉपी काढून कडेवरून अंगठा फिरवलात. खाच उघडी. मग म्हणालात, "बदलताना उलटसुलट झालं माझ्याकडून. कोरी समजून हिच्यावरच लिहिलं मी." आणि माझ्याकडे बघून विचारलंत, "तू होतास ना रे? लावली होती का मी पट्टी?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, काका."

एवढं एकच वाक्य. भांडायला मला कधी शब्द कमी पडले नाहीत. आणि त्या दिवशी हे बोललो. दुसऱ्या दिवशी तीस लोकांपुढे तुम्ही उभे राहून म्हणालात, "वय झालं, माझ्या हातून गेलं." मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. एक जण माझ्या कानात कुजबुजला, "बिचारे." मी मान हलवली. तेवढंही केलं.

तुम्ही टाकून दिलेली ती बिघडलेली चौथी फ्लॉपी मी कचऱ्याच्या डब्यातून उचलली होती. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडून गेले चार महिने वाचतोय. फ्लॉपीवर माहिती ज्या चाळीस वर्तुळांत लिहिलेली असते, त्यांतली एकोणतीस शाबूत निघाली. सगळं छापून, पानांना नंबर घालून ठेवलंय. अकरा गेली, ती मी पुसली. ती आता फक्त तुमच्या डोक्यात आहेत. त्याच डोक्यात, ज्याची यादी तुम्ही डॉक्टरला दाखवताय. ते शाबूत आहे, काका. यादीतला पहिला नंबर खोडा, तो तुमचा नाही. डॉक्टरकडे जरूर जा, पण तो नंबर बरोबर नेऊ नका.

मला माफ करा असं लिहिणार होतो. तीनदा लिहून खोडलं. ते मागायचं तोंड नाही. धाकटीला हे पत्र वाचायला द्या. माझ्याकडून ऐकवण्याइतकी हिंमत आली तर मीही सांगेन, पण माझ्या हिमतीवर विसंबू नका. फक्त रविवारी कासव देऊ नका. एकोणतीस वर्तुळांचे कागद शनिवारी सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून जाईन. तुम्ही वर बोलावलंत तर येईन. नाही बोलावलंत तर बरोबरच आहे.

सोबत ओळखपत्र पाठवतोय. मला त्याचा आता उपयोग नाही, पण पाठ बघा. पट्टी सुरकुतलीय, शाई फिकटलीय, तरी तारीख वाचता येते. त्या दिवशीचीच आहे, तुमच्याच अक्षरात.

लावली होती तुम्ही.

सोलणारा,
तडतड्या