कॅमेऱ्याच्या पाठीवरची चिठ्ठी

प्रिय चिठ्ठीबाई,

धाकट्या कॅमेऱ्यात कोणती फिल्म आहे गं? एवढंच विचारायला बसलो, त्यात सकाळ गेली. पाठीवर तुझ्या अक्षरात 'शंभर' अशी चिठ्ठी आहे. काढलेल्या फोटोंचा आकडा नऊवर. कळ फिरवून पाहिली, ताण लागतो, म्हणजे आत फिल्म आहे. पण ते नऊ फोटो मी काढलेले नाहीत. की काढलेत? तू बहिणीकडे गेलीस त्याला दोन महिने झाले, आणि माझ्या डोक्याची पार अडगळीची खोली झालीय.

मोठ्या रिळातून कापून साध्या डब्यांत फिल्म भरायची, ही काटकसर माझीच. डबीवर काही छापलेलं नाही. भर उजेडाची शंभरची आणि कमी उजेडात चालणारी चारशेची, दिसायला जुळ्या बहिणी. चिठ्ठ्या लावायचीस तू, फिल्म धुवायचीस तू, आणि स्टुडिओचा मालक म्हणून मिरवायचो मी. आता चिठ्ठी लावायचं ठरवतो नि लावली का तेच आठवत नाही. परवा रिकाम्या कॅमेऱ्यासमोर एका जोडप्याला अर्धा तास हसवत बसवलं. बिचारी अजून फोटोची वाट बघताहेत.

बहिणीचा गुडघा कसा आहे? तुझा चष्मा खिडकीत राहिलाय. पाठवू की राहू दे, तेही कळेना.

बरं, आता आडपडदा नको. शाळेचा तो वर्गाचा फोटो फिका आला, पोरं धुक्यात उभी असल्यासारखी, तेव्हा भरल्या दुकानात मी म्हणालो होतो, "तीस वर्षं संसार केला, पण हिला साधी चिठ्ठी लावता येत नाही." तू पिशवी भरून बहिणीकडे निघालीस. चारशेची फिल्म धुवायला जास्त वेळ लागतो. तू मात्र कॅमेऱ्यावरच्या चिठ्ठीवर 'शंभर' वाचून शंभरचीला लागतो तेवढाच वेळ दिला होतास. काल थंडीचा कोट धुवायला काढला, तर खिशात दुसरी चिठ्ठी. 'चारशे', माझ्या अक्षरात, खाली शाळेची तारीख. फिल्म मी बदलली होती आणि नवी चिठ्ठी खिशात घालून विसरलो होतो. चूक माझी होती. आज शाळेत जाऊन बाईंना सांगून आलो. दुकानातही सांगणार आहे, तेवढ्याच माणसांसमोर, पण तू तिथे हवीस. धाकटा कॅमेरा उघडलेला नाही. ते नऊ फोटो तुझे असतील, तर उरलेलेही तूच काढ.

तुझाच,
खिशात चिठ्ठी विसरलेला