ओल्या रंगाची साक्ष

सर,

उधन्याची, तुमच्या वर्गाची खोली आज रिकामी करून दिली. मालकाला इमारत पाडायची आहे. तुमचा चित्रकलेचा वर्ग मी इच्छापोरला नेला आणि पहिल्याच रविवारी तुमचा नियम माझ्याच हातून मोडला, म्हणून लिहिते आहे. एरवी गेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसणाऱ्यांतली मी नव्हे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. मार्क चांगले, नाक वर. तुम्ही आठवडाभर पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापडाचा रंग जुळवायचात आणि रविवारी आम्हाला शिकवायचात. चित्र नंतर. आधी कापडाच्या पट्टीवर करडा रंग, समोरच्या नमुन्याशी जुळणारा. पट्टी दोरीवर टांगायची आणि सुकेपर्यंत तिच्यासमोर गप्प बसायचं. मी पाच मिनिटांत उठून म्हणाले, "जुळला." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ओल्या रंगाची साक्ष काढू नये, बाई. सुकू दे, मग बोल." सुकल्यावर तो चांगलाच फिका निघाला. तुम्ही पट्टीच्या खाली पेन्सिलीने लिहिलंत, 'म्हणते, जुळला', आणि ती भिंतीवर लावलीत. सगळे हसले, तुम्ही नाही. मी आठवडाभर धुमसत होते. पण पुढे आयुष्यभर मला जे काही नीट दिसलं, ते त्या अर्ध्या अर्ध्या तासांच्या बसण्यामुळे. तुमच्याइतका थांबू शकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

इच्छापोरला सोसायटीचा हॉल मिळाला आहे, पण एकच तास. आमच्यामागून योगवर्ग. पहिल्या दिवशी एका मुलीची आई दारात उभी. खानदेशातली, तोंडाने फटकळ. "बाई, पोर नुसती चिंधीकडे देखत बसस. शिकस कव्हय?" मी म्हटलं, "हेच शिकते आहे." एवढं ताठ बोलून पाच मिनिटं होत नाहीत, तोच योगवाले चटाया घेऊन आले. मी घाईने त्या मुलीच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हटलं, "जुळला. चल, आवर." पोरगी हलेना. शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "मॅडम, हजी भीनो छे." अजून ओला आहे. वर मलाच ऐकवलं, "तमे ज तो कह्युं हतुं." तुम्हीच तर सांगितलं होतं, सुकेपर्यंत थांबा म्हणून. आई हसायला लागली. "आते बोला, बाई."

पट्ट्यांची दोरी सोडली आणि बाहेर पॅसेजमध्ये बांधली. योगवाले आत, आम्ही अकराजण बाहेर जमिनीवर, चिंध्यांसमोर गप्प. आईसुद्धा बसली. रंग सुकला तेव्हा पहिली तीच म्हणाली, "फिका पडना." मुलीच्या पट्टीखाली मी स्वतः लिहिलं, 'बाई म्हणाल्या, जुळला.' आता दर रविवारी पॅसेजमध्येच बसतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा नोंद इथेच करते. उधन्याची किल्ली मालकाच्या हातात दिली. इच्छापोरला पोचवलं ते असं: ड्रॉइंग बोर्ड, तुमचं स्टूल, दोरी, आणि भिंतीवरून काढलेल्या सगळ्या पट्ट्यांची पत्र्याची पेटी. तीत एक पट्टी माझ्या कपाटातून घातली, 'म्हणते, जुळला' लिहिलेली. ती वाऱ्याने उडाली असं तुम्ही धरून चाललात आणि दोन रविवार जिन्यात शोधलीत. मी काढली होती.